जहाजावरचा पंखा आपोआप चालू का झाला? अर्थिंग नसलेल्या वीजव्यवस्थेतला फॉल्ट असा शोधतात

फोन चार्जिंगला लावलाय आणि त्याच्या मेटल बॉडीवरून बोट फिरवलं की हलकीशी झिणझिण जाणवते, हा अनुभव तुम्ही घेतलाच असेल. टू-पिन चार्जर असेल तर जास्तच. फोन बिघडलेला नसतो, चार्जरही नसतो. तरी झिणझिण येते कुठून? आज त्याच्याच मोठ्या भावाची गोष्ट सांगणार आहे. हा मोठा भाऊ समुद्रावर राहतो, ४४० व्होल्टवर चालतो आणि झिणझिणीवर भागवत नाही.

मी मर्चंट नेव्हीत ईटीओ आहे, म्हणजे इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसर. भारतीय क्रू मला 'बत्ती साब' म्हणतो. जहाजावरची प्रत्येक मोटर, केबल, दिवा आणि अलार्म ही माझी जबाबदारी. पहिल्याच वर्षी एका पंख्याने मला जो धडा शिकवला, तो आयटीआय, डिप्लोमा करणाऱ्या किंवा जहाजावर जायची तयारी करणाऱ्या प्रत्येकाला उपयोगी पडेल. इतरांनाही वीज 'परत कशी जाते' हे यातून नीट समजेल.

या लेखात काय आहे?

- घरची वीज आणि जहाजावरची वीज यातला फरक
- अर्थ दिवे वाचायचे कसे
- एक अर्थ फॉल्ट चालतो, मग दुसरा का चालत नाही
- आपोआप चालू होणाऱ्या पंख्याची गोष्ट
- मोटर तपासायच्या पायऱ्या आणि मेगरचे आकडे

जहाजावरची वीज घरासारखी नसते

आपल्या घरी येणाऱ्या वायरींपैकी न्यूट्रल ही ट्रान्सफॉर्मरजवळ जमिनीत गाडलेल्या अर्थिंगला जोडलेली असते. म्हणून फेजला हात लागला की करंट आपल्या शरीरातून जमिनीत आणि जमिनीतून ट्रान्सफॉर्मरकडे परत जातो. वर्तुळ पूर्ण होतं, शॉक लागतो. घरातला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी हीच गळती पकडून वीज तोडतो.

बहुतेक मालवाहू जहाजांवर थ्री-फेज ४४० व्होल्ट, ६० हर्ट्झ वीज असते. जनरेटरमधून तीनच वायरी निघतात: आर, एस आणि टी. न्यूट्रल जहाजाच्या लोखंडी बॉडीला जोडलेलाच नसतो. म्हणजे अख्खी वीजव्यवस्था बॉडीपासून वेगळी, जणू तरंगत असते. दिव्यांसाठी ट्रान्सफॉर्मर लावून २२० किंवा ११० व्होल्ट करतात, तीही अशीच वेगळी ठेवलेली असते.

इथे एक गोंधळ नेहमी होतो, तो आधीच दूर करू. 'अर्थिंग नाही' म्हणजे मोटरच्या बॉडीला अर्थ वायर नाही असं नव्हे. मोटर, पॅनल, शेगडी, सगळ्यांच्या धातूच्या बॉडी जहाजाला पक्क्या जोडलेल्याच असतात. जोडलेला नसतो तो फक्त वीजपुरवठ्याचा न्यूट्रल.

अजून एक गोष्ट. हे ४४० व्होल्टचं झालं. मोठ्या जहाजांवर ६.६ किलोव्होल्टची हाय व्होल्टेज यंत्रणा असते. तिथे न्यूट्रल सहसा रेझिस्टरमधून बॉडीला जोडतात आणि फॉल्ट आल्यावर ब्रेकर ट्रिप करतात. तो वेगळा विषय आहे.

असं का करतात?

एका शब्दात उत्तर: स्टीअरिंग.

समजा जहाज अरुंद खाडीतून चाललंय आणि सुकाणू फिरवणाऱ्या मोटरच्या एका फेजची वायर घासून बॉडीला टेकली. घरासारखी व्यवस्था असती तर ब्रेकर लगेच ट्रिप झाला असता. सुकाणू गेलं, जहाज किनाऱ्यावर. पण न्यूट्रल बॉडीला जोडलेला नसल्यामुळे त्या एका फॉल्टमधून करंटला परत जायला थेट रस्ता नाही. मोटर चालू राहते, फक्त अलार्म वाजतो. म्हणजे आपल्याला वेळ मिळतो.

ही वेळ फुकट मिळालेली नाही. सोलास या आंतरराष्ट्रीय करारानुसार अशा प्रत्येक वीजव्यवस्थेत बॉडीपासूनचं इन्सुलेशन सतत तपासणारं आणि ते फार कमी झालं तर आवाजाने किंवा दिव्याने सांगणारं यंत्र लावावंच लागतं. 'मोटर चालू राहील, पण फॉल्ट शोधायची जबाबदारी तुमची' असा हा सौदा आहे. गोची अशी की माणूस सौद्याचा पहिला भाग लक्षात ठेवतो आणि दुसरा विसरतो. मीही विसरलो होतो.

"मग जहाजावर शॉक लागत नाही ना?"

लागतो. आणि जीवही जाऊ शकतो. 'सर्किट पूर्णच होत नाही' हे अर्धसत्य आहे.

जहाजावर किलोमीटरच्या किलोमीटर केबल असते. प्रत्येक केबलचं तांबं आणि जहाजाचं लोखंड यांच्यामध्ये इन्सुलेशन असतं. दोन धातू आणि मध्ये इन्सुलेशन म्हणजे काय? कपॅसिटर! एसी करंट कपॅसिटरमधून जातो. चार्जरची झिणझिण हीच असते: आतल्या छोट्या कपॅसिटरमधून अगदी बारीक करंट येतो. जहाजावर हा कपॅसिटर खूप मोठा.

समजण्यासाठी हिशोब करू. प्रत्येक फेज आणि बॉडीमध्ये १ मायक्रोफॅरड धरा. फेज ते फेज ४४० व्होल्ट, तर फेज ते बॉडी ४४० भागिले १.७३, म्हणजे साधारण २५४ व्होल्ट. माणसाच्या शरीराचा रोध १००० ओहम धरला तर ६० हर्ट्झला शरीरातून सुमारे १९० मिलीअँपिअर जातात. घरातला आरसीसीबी ३० मिलीअँपिअरलाच वीज तोडतो, आणि इथे त्याच्या सहापट करंट कुणीही न तोडता वाहत राहणार. म्हणून जहाजावर 'एका वायरला हात लावला तर काय होतंय' असं म्हणणाऱ्या माणसासोबत मी काम करत नाही.

अर्थ दिवे कसे वाचायचे?

मेन स्विचबोर्डवर तीन दिवे असतात, प्रत्येक फेजचा एक. तिन्ही दिव्यांची दुसरी टोकं एकत्र करून जहाजाच्या बॉडीला जोडलेली असतात.

- तिन्ही दिवे सारखेच उजळ: सगळं ठीक. प्रत्येक दिव्यावर सुमारे २५४ व्होल्ट.
- एक दिवा विझला, बाकीचे दोन जास्त उजळले: विझलेल्या दिव्याचा फेज बॉडीला टेकलाय. त्या फेजचा व्होल्टेज बॉडीच्या तुलनेत शून्य झाला आणि बाकीच्या दोघांचा ४४० झाला.
- एक दिवा फक्त मंद झाला: त्या फेजवर अर्धवट फॉल्ट. ओलसर जॉइंट, खराब झालेली केबल, किंवा एखाद्या कॉइलमधून टेकलेली वायर.
- तिन्ही सारखेच, पण अलार्म आहे: तिन्ही फेजचं इन्सुलेशन सारखंच घसरलंय. दिवे फक्त फरक दाखवतात, त्यामुळे हे त्यांना दिसत नाही. म्हणून किलोओहम दाखवणारा मीटर बघायचाच.

दुसऱ्या ओळीतून एक फार महत्त्वाची गोष्ट निघते. फॉल्ट असलेला फेज बॉडीच्या तुलनेत शून्य व्होल्ट दाखवतो, पण तो जिवंत असतो! मल्टिमीटरचं एक टोक वायरला आणि एक बॉडीला लावून 'शून्य आलं, वीज नाही' असं कधीही ठरवू नका. आर-एस, एस-टी, टी-आर असं फेजच्या आपापसात मोजायचं आणि शिवाय प्रत्येक फेज ते बॉडी. सहाही ठिकाणी शून्य आलं तरच वीज बंद.

पहिला फॉल्ट पाहुणा, दुसरा चोर

पहिल्या फॉल्टने काहीच बंद पडत नाही. पण त्या क्षणापासून जहाजाची अख्खी लोखंडी बॉडी त्या फेजची वायर बनलेली असते.

आता दुसरीकडे कुठेतरी दुसऱ्या फेजवर फॉल्ट आला की काय होईल? पुढच्या टोकाच्या विंचच्या मोटरचा आर फेज टेकलाय आणि मागच्या स्टीअरिंग मोटरचा टी फेज टेकला, तर दोन फेज जहाजाच्या बॉडीतून एकमेकांना शॉर्ट झाले. दोनशे मीटर लांब असलेल्या दोन यंत्रांचा एकमेकांशी काहीही संबंध नसताना त्यातलं एक किंवा दोन्ही एकदम ट्रिप होतात. जी वेळ स्टीअरिंगवर येऊ नये म्हणून ही व्यवस्था केली, तीच वेळ येते.

दुसरा फॉल्ट मोटरच्या पॉवर वायरीऐवजी कंट्रोल सर्किटमध्ये आला, तर मात्र त्याहून विचित्र खेळ सुरू होतो. माझी गोष्ट याच खेळाची.

पंख्याची गोष्ट

ब्राझीलहून सोयाबीन भरून चीनकडे निघालो होतो. केप ऑफ गुड होपच्या खाली हवामान बिघडलं, लाटा डेकवरून जात होत्या. डेकवर जायला सगळ्यांना बंदी. त्याच रात्री ४४० व्होल्टचा अर्थ फॉल्ट अलार्म आला. एस फेजचा दिवा थोडा मंद. माझा अंदाज: डेकवर कुठेतरी पाणी शिरलंय. अंदाज बरोबर होता. मी अलार्म म्यूट केला आणि नोंद केली, 'हवामान सुधारल्यावर तपासणे.' तीन दिवसांनी हवामान सुधारलं. तोवर इतर दहा कामं साठली होती. म्यूट केलेला अलार्म आवाज करत नाही, आणि जे आवाज करत नाही ते राहून जातं.

सोयाबीनच्या होल्डमध्ये हवा खेळती ठेवावी लागते, नाहीतर आत दव धरतं आणि माल कुजतो. म्हणून डेकवर मोठे पंखे असतात. चौथ्या दिवशी सकाळी सारंगने, म्हणजे बोसनने, एका पंख्याची जाळी उघडून आत ग्रीस भरलं. सारंग आमच्या रत्नागिरीकडचा, वयाने मोठा, मी त्यांना काकाच म्हणायचो. पंखा स्टॉप बटण दाबून बंद केलेला होता. ब्रेकर पाडलेला नव्हता. काम संपलं, जाळी लावली, हात पुसले. दहा-पंधरा मिनिटांनी पंखा आपोआप सुरू झाला.

स्टॉप दाबला, तरी बंद होईना! शेवटी काकांनी पळत जाऊन ब्रेकर पाडला.

"बत्ती साब, भूत शिरलंय त्याच्यात," ते मला म्हणाले. हसत होते, पण हात थरथरत होता. पंधरा मिनिटांपूर्वी तोच हात पात्यांच्या मध्ये होता.

मी मेगर घेऊन गेलो. मेगर म्हणजे मोटरच्या वायरी आणि बॉडी यांच्यामध्ये ५०० व्होल्ट डीसी देऊन इन्सुलेशन मोजणारं यंत्र. रीडिंग आलं ८० मेगाओहम. झकास! ब्रेकर लावला, स्टार्ट दाबलं, चालू. स्टॉप दाबलं, बंद. फक्त एक बारीकशी गोष्ट: स्टॉप दाबल्यावर कॉन्टॅक्टर लगेच सुटला नाही, क्षणभर घरघरला. मी दुर्लक्ष केलं. "काका, मोटर एकदम ओके आहे. कुणीतरी चुकून बटण दाबलं असेल."

काका काही बोलले नाहीत. त्यांनी ब्रेकर मात्र पाडूनच ठेवला. तो शहाणपणा त्यांचा, माझा नाही.

माझं काय चुकलं?

मी मोटर तपासली. मोटरला आज्ञा देणारं सर्किट तपासलंच नाही.

त्या जुन्या स्टार्टरची कॉइल थेट ४४० व्होल्टवर होती. वायरचा रस्ता असा: आर फेजवरून फ्यूज, मग ओव्हरलोडचा कॉन्टॅक्ट, मग स्टॉप बटण, मग स्टार्ट बटण, मग कॉइल आणि शेवटी एस फेज. स्टार्ट दाबलं की कॉइलला आर आणि एस मिळून ४४० व्होल्ट मिळतात, कॉन्टॅक्टर ओढला जातो आणि मोटर फिरते. डेकवरच्या रिमोट बटणाच्या डब्यात स्टार्ट आणि कॉइलमधली वायर होती. नंतर डबा उघडला तेव्हा दिसलं: झाकणाचा रबर फाटलेला, आत खारं पाणी, आणि ती वायर झाकणाखाली चेपून तिचं तांबं डब्याला टेकलेलं.

म्हणजे आता जहाजाची बॉडी त्या वायरला, आणि कॉइलमधून एस फेजला जोडली गेली. म्हणूनच एस दिवा मंद होता. एवढ्याने कॉइलला मिळणार ते एस ते बॉडीचे, ढोबळमानाने २५४ व्होल्ट. म्हणजे ४४० च्या ५८ टक्के. कॉन्टॅक्टर ओढला जायला साधारण ८५ टक्के लागतात, म्हणून पंखा सुरू होत नव्हता. पण आधीच ओढलेला कॉन्टॅक्टर कमी व्होल्टेजवरही तग धरू शकतो. म्हणून स्टॉप दाबल्यावर ती घरघर. फॉल्ट मला सांगत होता, मी ऐकत नव्हतो.

मग पंखा सुरू कसा झाला? उत्तर किचनमध्ये होतं.

दुसऱ्या दिवशी काकांनीच विचारलं, "कालच्याच वेळेला ब्रेकर लावून बघूया का? लांब उभं राहून." बरोबर त्याच सुमारास, जेवणाच्या तयारीच्या वेळी, कॉन्टॅक्टर 'खट' करून ओढला गेला. मी धावत मेन स्विचबोर्डकडे गेलो. आर दिवा पूर्ण विझलेला, एस आणि टी झगझगीत. कुकला फोन करून विचारलं, आत्ता काय चालू केलं? "मोठी हॉट प्लेट, भातासाठी."

हॉट प्लेटच्या एलिमेंटचं आवरण तडकून आतली तार आर फेजच्या टोकाजवळ बॉडीला टेकली होती. प्लेट चालू केली की अख्ख्या जहाजाची बॉडी म्हणजे आर फेज! तो आर फेज डेकवरून त्या ओल्या डब्यात, तिथून टेकलेल्या वायरीत आणि कॉइलमध्ये. कॉइलला पूर्ण ४४० व्होल्ट. स्टार्ट बटण कुणी दाबलंच नव्हतं, ते जहाजाने दाबलं होतं. आणि स्टॉप बटण या नव्या रस्त्यात कुठे येतच नव्हतं, मग ते दाबून काय उपयोग?

आता सगळ्यात बोचणारी गोष्ट. हॉट प्लेटचा फॉल्ट आला तेव्हा नवीन अलार्म का वाजला नाही? कारण अलार्म आधीपासून चालूच होता. मी म्यूट केलेला. अलार्म एकच असतो. तो पहिल्या फॉल्टने अडवून ठेवला, तर दुसरा फॉल्ट गुपचूप आत शिरतो.

हॉट प्लेटचा फॉल्ट आरऐवजी एस फेजवर असता तर? पंखा चालवताना ती टेकलेली वायर आर फेजवर असते. म्हणजे आर आणि एस शॉर्ट होऊन कंट्रोल फ्यूज उडाला असता. तेव्हा तक्रार आली असती, 'पंखा जेवणाच्या वेळी बंद पडतो.' मूळ बिघाड तोच, फक्त फेज बदलला की लक्षण उलटं.

मोटर विचित्र वागतेय? या पायऱ्यांनी जा

१. आधी दिवे आणि मीटर बघा. मोटर बंद असताना आणि चालू असताना दोन्ही वेळा लिहून ठेवा. यातून अर्धं उत्तर मिळतं:
- मोटर बंद असतानाही फॉल्ट दिसतो आणि तिचा ब्रेकर पाडल्यावर जातो: फॉल्ट कंट्रोल सर्किटमध्ये किंवा स्टार्टरच्या आत.
- मोटर चालू केल्यावरच फॉल्ट येतो: मोटर, तिची केबल, किंवा कंट्रोलची कॉइलकडची वायर.
- मोटर चालू-बंद केल्यावर फॉल्टचा फेज बदलतो: कंट्रोल वायर टेकलीय. माझ्या पंख्याचं हेच होतं. बंद असताना एस मंद, चालू असताना आर विझलेला.
- मोटर बंद केल्यावर २२० व्होल्टच्या बाजूला फॉल्ट येतो: मोटरच्या आतला स्पेस हीटर. मोटर थांबली की दमटपणा धरू नये म्हणून हा हीटर चालू होतो.

२. विचारा. कुणी, कधी, काय चालू केलं? किचन, लाँड्री, डेकवरचे दिवे आधी बघा. पाणी, वाफ आणि उष्णता जिथे, तिथे फॉल्ट.

३. एकेक ब्रेकर पाडून शोधा. पण ब्रिज आणि इंजिन रूमला विचारूनच. स्टीअरिंग, नेव्हिगेशन, ल्युब ऑइल पंप यांना हात लावायचा नाही. ज्याचा जोडीदार स्टँडबायवर आहे तिथे आधी जोडीदार चालू करून मग पहिला बंद करायचा.

४. वीज तोडा, कुलूप लावा, टॅग लावा. स्टॉप बटण म्हणजे वीज तोडणं नव्हे. मग मीटर आधी जिवंत जागेवर तपासा, मग आपल्या सर्किटवर, मग पुन्हा जिवंत जागेवर. स्पेस हीटरची वीज वेगळी येते, तीही तोडा.

५. मेगर करा, पण तुकड्यांनी. आधी स्टार्टरमधून मोटर आणि केबल एकत्र. कमी आलं तर मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये वायर सोडून दोन्ही वेगळे मोजा. कंट्रोल वायरी, रिमोट बटणासकट, स्वतंत्र मोजा. व्हीएफडी, सॉफ्ट स्टार्टर, इलेक्ट्रॉनिक रिले आधी वेगळे करा, नाहीतर मेगरचे ५०० व्होल्ट त्यांना मारून टाकतील. शेवटी वाइंडिंग बॉडीला टेकवून डिस्चार्ज करा.

६. तीन वाइंडिंगचा रोध मोजा. तिन्ही जवळपास सारखे हवेत. इन्सुलेशन उत्तम असूनही एक वाइंडिंग आतून तुटलेलं असू शकतं, ते मेगरला कळत नाही.

मेगरचे आकडे कसे वाचायचे?

- १ मेगाओहमच्या खाली: ४४० व्होल्टची मोटर चालवू नका.
- १ ते ५ मेगाओहम: ओलावा किंवा घाण. लवकरात लवकर साफ करून सुकवा.
- दहा-वीस मेगाओहम आणि वर: निरोगी.

पण एका आकड्यापेक्षा चाल बघा. मागच्या महिन्यात २०० होतं आणि आज २० आहे, तर २० 'पास' असलं तरी काहीतरी बिघडतंय. तापमानही लिहा, कारण मोटर दर १० अंश सेल्सिअसने तापली की इन्सुलेशनचा आकडा ढोबळमानाने निम्मा होतो. गरम मोटरचा आकडा थंड मोटरशी ताडून बघू नका.

मोटरमध्ये समुद्राचं पाणी गेलं असेल तर आधी गोड्या पाण्याने धुवायची. मीठ आत राहिलं तर ते पुन्हा हवेतला ओलावा ओढून घेतं. मग हळूहळू गरम करून सुकवायची. गंमत म्हणजे सुकवायला लागल्यावर रीडिंग आधी खाली जातं आणि मग वर चढतं. खाली गेलं म्हणून घाबरून काम थांबवू नका.

लक्षण आणि संशयित

- गुणगुणते, पण फिरत नाही: एक फेज गायब. फ्यूज, सैल वायर, कॉन्टॅक्टरचा जळका कॉन्टॅक्ट बघा. लगेच बंद करा, नाहीतर वाइंडिंग जळेल.
- चालते, पण थोड्या वेळाने ओव्हरलोडवर ट्रिप होते: पंप जाम, बेअरिंग खराब किंवा तिन्ही फेजचा करंट सारखा नाही. क्लॅम्प मीटरने तिन्ही मोजा.
- ब्रेकर चालू करताक्षणी पडतो: शॉर्ट. मेगर केल्याशिवाय पुन्हा लावून बघू नका.
- उलटी फिरते: काम झाल्यावर दोन फेज अदलाबदल झालेत.
- आपोआप चालू होते, स्टॉपला ऐकत नाही: कंट्रोल वायर अर्थ झालीय आणि दुसरा फॉल्ट कुठेतरी दूर आहे. कॉन्टॅक्टर वितळून चिकटलाय का, हेही बघा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जहाजावर घरासारखा आरसीसीबी का नाही चालत?
आरसीसीबी जाणारा आणि परत येणारा करंट ताडून बघतो. इथे पहिल्या फॉल्टला परतीचा थेट रस्ताच नाही, त्यामुळे त्याला भरवशाने कळत नाही. म्हणून इन्सुलेशन मॉनिटर लावतात.

नव्या जहाजांवर पंख्यासारखा प्रकार होऊ शकतो का?
नव्या स्टार्टरमध्ये बहुतेकदा छोटा कंट्रोल ट्रान्सफॉर्मर असतो. त्यामुळे किचनचा फॉल्ट पंख्याच्या कॉइलपर्यंत पोचत नाही. पण त्याच कंट्रोल सर्किटमध्ये दोन ठिकाणी वायर टेकली, तर खेळ तोच.

जमिनीवर अशी व्यवस्था कुठे असते?
हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये. कारण तेच: पहिल्या फॉल्टला उपकरणं बंद पडून चालत नाहीत. नियमही तोच: अलार्म आला की शोधा.

शेवटी एवढंच

त्या दिवशी संध्याकाळी रिमोट डब्याची वायर आणि रबर बदलला, हॉट प्लेटचं एलिमेंट बदललं. तिन्ही दिवे सारखे झाले. दोन्ही कामं मिळून दोन तासही लागले नाहीत. हेच दोन तास मी चार दिवस पुढे ढकलत होतो.

काकांना जाऊन सांगितलं, माझी चूक होती. ते म्हणाले, "साब, ग्रीस भरायच्या आधी ब्रेकर पाडायला पाहिजे होता, ती माझी." तेव्हापासून आमच्या जहाजावर एक रीत पडली: पंख्याची जाळी उघडायची तर ब्रेकरच्या कुलपाची चावी जाळी उघडणाऱ्याच्याच खिशात.

आणि मी? आता अर्थ फॉल्टचा अलार्म म्यूट केला की लगेच हातावर पेनाने वेळ लिहितो. फॉल्ट सापडेपर्यंत पुसत नाही.